धुक्यातला खंड्या आणि मोठी लेन्स

प्रश्न : मी खानापूरजवळ मलप्रभेच्या काठी राहतो. गेल्या दोन हिवाळ्यांत पहाटे नदीवर जाऊन ७०-३०० मिलिमीटरच्या लेन्सने पक्ष्यांची छायाचित्रे काढत आहे. परंतु धुके असले की पलीकडच्या काठावरचा खंड्या किंवा बगळा फिका आणि राखाडीच येतो. मित्रांचे म्हणणे असे की ६०० मिलिमीटरची लेन्स घेतल्याशिवाय हे जमणार नाही. कर्ज काढून ती घ्यावी का? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : कृपया घेऊ नका, निदान या कारणासाठी तरी नको. आपली अडचण लेन्सची नसून आपण आणि पक्षी यांच्यामधल्या हवेची आहे, आणि लांब लेन्स पक्ष्याबरोबर त्या हवेतले धुकेही मोठे करून दाखवते.

आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन रात्रभर उष्णता गमावते, तिच्या लगतची दमट हवा थंड होते आणि बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात. नदीचे पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असते, त्यामुळे पाण्यावरून उठणारी वाफही त्यात मिसळून पात्रावर तरंगत राहते. हा प्रत्येक थेंब चहूबाजूंचा पांढरा उजेड आपल्या लेन्सकडे वळवतो. दृश्यमानता १,००० मीटरपेक्षा कमी झाली की हवामानशास्त्रात त्याला धुके म्हणतात. नदीवर ती २०० मीटरपर्यंत उतरली, तर ठोकळमानाने १०० मीटरवरच्या पक्ष्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे गडद-फिक्यातला फरक, मूळच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास उरतो, तर २५ मीटरवरच्या पक्ष्याचा सुमारे दोन तृतीयांश टिकतो. अंतर कमी करणे हाच यावरचा खरा उपाय आहे, आणि ते आपण चालत जाऊन नव्हे, तर पक्ष्याला येऊ देऊन कमी करायचे आहे.

जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. आपण अंधार असतानाच, साडेसहापूर्वी, काठावर पोहोचून पाण्याच्या पातळीजवळ खाली बसावे आणि नंतर जागा बदलू नये. खंड्या शिकारीसाठी ठरावीक फांदीवर किंवा खांबावर पुन्हा पुन्हा येऊन बसतो, म्हणून आधीचे दोन-तीन दिवस कॅमेरा न काढता केवळ ती जागा हेरण्यात घालवले, तर ते वाया जात नाहीत. एवढे केले की धुके आपल्या बाजूने काम करू लागते : पंधरा मीटरवरचा पक्षी ठळक राहतो आणि त्याच्यामागची झुडपे, विजेचे खांब, पंपाचे पाइप हा सगळा पसारा पुसला जातो. स्वच्छ उन्हात अशी मोकळी पार्श्वभूमी कोणत्याही किमतीच्या लेन्सने मिळत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

दिशेचाही विचार करावा. धुक्याचे थेंब प्रकाश मुख्यतः पुढच्या बाजूस विखुरतात, त्यामुळे सूर्य पाठीशी असताना निर्जीव वाटणारे धुके सूर्याकडे तोंड केल्यावर उजळून निघते. या दिवसांत सूर्य बराच आग्नेयेकडे उगवतो. नदीचे जे वळण त्या दिशेला मोकळे असेल, ते निवडावे. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक (मीटर) पांढऱ्या धुक्याला राखाडी समजून चित्र काळवंडवतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे चित्रासाठी घेतला जाणारा प्रकाश, पाऊण ते सव्वा स्टॉप वाढवावे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) आणि हिस्टोग्रामची, म्हणजे पडद्यावरच्या उजेड-अंधाराच्या आलेखाची, उजवी (उजळ भागाची) कड तुटत नाही ना, हे पाहावे. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटा ठरवणारी सोय, ऑटोवर न ठेवता डेलाइटवर (दिवसाच्या उजेडावर) ठेवावा, अन्यथा पहाटेचा निळेपणा आणि नंतरचा सोनेरीपणा दोन्ही कॅमेरा परस्पर काढून टाकतो. फोकस अडखळत असेल, तर एकच बिंदू निवडून तो पक्ष्याच्या चोचीच्या किंवा डोळ्याच्या गडद कडेवर धरावा. ट्रायपॉडऐवजी जोंधळे भरलेली कापडी पिशवी दगडावर ठेवली, तरी लेन्स स्थिर राहते.

प्रश्न : यमगर्णीजवळ वेदगंगेवर गेल्यानंतर अर्ध्या तासातच लेन्सच्या काचेवर दव जमते. काय करावे? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : उघड्या आकाशाखाली काचही जमिनीसारखी उष्णता गमावते आणि तिच्यावर दव धरते. लेन्स हूड (लेन्सपुढे बसवायची कडी) कायम लावून ठेवावे, वापर नसेल तेव्हा लेन्स खाली वळवून झाकावी आणि दव टिपण्यासाठी सुती मऊ कापड जवळ बाळगावे. तोंडाने फुंकर मारू नये. उलट अडचण घरी परतल्यावर येते : थंड कॅमेरा उबदार, दमट स्वयंपाकघराजवळ उघडला, तर आतल्या भागांवरही बाष्प बसते. म्हणून परतल्यावर पिशवी तासभर बंदच ठेवावी.

प्रश्न : धुपदाळच्या बंधाऱ्यावर हिवाळ्यात येणाऱ्या करकोच्यांच्या किती जवळ जावे? धुक्यात ते आपल्याला पाहत नाहीत, हे खरे का? (एक वाचक, गोकाक)

उत्तर : घटप्रभा पक्षी अभयारण्यातले हे कांड्या करकोचे मध्य आशियाकडून हिमालय ओलांडून येतात, आणि त्यांची रात्रीची विश्रांती उथळ पाण्यात होते. धुक्यात आपण दिसलो नाही, तरी ऐकू येतो. उलट धोका कोठून येत आहे हे न कळल्यामुळे थवा अधिक बिथरतो. त्यामुळे मीटरचा आकडा सांगण्यापेक्षा मी खूण सांगेन : चरणाऱ्या किंवा उभ्या पक्ष्यांच्या माना एकदम ताठ झाल्या आणि ते एकाच दिशेने चालू लागले, की आपण आधीच फार जवळ आलो आहोत, तेथेच थांबून सावकाश मागे यावे. होडीतून त्यांच्याकडे जाऊ नये, आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय अभयारण्यात ड्रोन उडवू नये.

एकेका पक्ष्याच्या जवळच्या चित्राचा हट्ट सोडून पाहावे. सूर्य वर आल्यानंतर थवे शेतांकडे निघतात, तेव्हा ते आपणहून डोक्यावरून जातात. त्या वेळी शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या वर ठेवून आकाशाची रिकामी जागा मोकळ्या मनाने चित्रात येऊ द्यावी. ते गेल्यावर लगेच घराकडे वळू नये, कारण धुके विरत असताना पाण्यावर राहिलेली तलवार बदके हळूहळू दिसू लागतात, आणि तो अर्धा तास मला करकोच्यांइतकाच प्रिय आहे.