जुनी कार्ब्युरेटरची गाडी गरम झाल्यावर बंद पडते आणि गार झाली की पुन्हा सुरू होते. कार्ब्युरेटर बदलावा का?

एवढ्या लक्षणांवरून तरी नको. बंद पडणाऱ्या जुन्या गाडीचा दोष सगळ्यात आधी कार्ब्युरेटरवर जातो, कारण तो समोर दिसतो आणि त्याला स्क्रू असतात. मी अशी इंजिनं बरीच वर्षं हाताळतोय. थंड असताना सरळ चालणारी आणि तापल्यावर मरणारी गाडी दिसली की मी आधी करंट बघतो, नंतर पेट्रोल.

यात वेळ फार महत्त्वाची. गॅरेजला पोचेपर्यंत इंजिन गार होतं आणि दोष दिसेनासा होतो. त्यामुळे तपासणी गाडी बंद पडल्या जागीच झाली पाहिजे. डिकीत एक चांगला जास्तीचा स्पार्क प्लग ठेवा. गाडी बंद पडली की आधी कुठे पेट्रोल गळत नाही ना ते बघा. मग एका प्लगची वायर काढून या प्लगला लावा, त्याचं लोखंडी अंग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा, कार्ब्युरेटरपासून लांब, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. वायर इन्सुलेटेड पकडीनेच धरा. ठिणगी निळसर आणि ठसठशीत हवी. पिवळट, बारीक किंवा मधूनच गायब होणारी असेल, तर कार्ब्युरेटरला हात लावायचं कारणच नाही.

ठिणगी कमजोर असेल तर माझा पहिला संशय कंडेन्सरवर, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाच्या) पॉइंटला जोडलेल्या छोट्या डबीवर. पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच, आणि कॉइल प्लगसाठी जोरदार वीज तयार करते. पॉइंट उघडतात त्या क्षणी कंडेन्सर विजेचा झटका पोटात घेतो, म्हणून पॉइंटवर ठिणगी उडत नाही आणि कॉइलमधून जोरदार करंट निघतो. तापल्यावर तो आतून निकामी झाला की पॉइंट काळे पडतात, खड्डे पडतात आणि प्लगकडे जाणारा जोर संपतो. कॉइलचंही तसंच, आतली वाइंडिंग गरम झाल्यावर तुटते आणि गार झाल्यावर पुन्हा जुळते. कॉइल बदललेली असेल तर मल्टिमीटरने तिच्या प्रायमरीचा (दोन छोट्या टर्मिनलमधल्या वाइंडिंगचा) रोध मोजा. 12 व्होल्टच्या गाडीत बॅलास्ट रेझिस्टरसोबत (कॉइलकडे जाणारा करंट कमी करणारा रोध) चालणारी कॉइल साधारण 1.5 ओहमची असते, त्याशिवाय चालणारी 3 ओहमच्या आसपास. 1.5 ओहमची कॉइल थेट 12 व्होल्टवर जोडलेली असेल तर ती भाजून निघते, आणि ही चूक फार ठिकाणी दिसते. पॉइंटची गॅप मॅन्युअलमध्ये बघून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) लावा; ल्युकास कंपनीच्या बऱ्याच चार सिलिंडरच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये ती 0.35 ते 0.40 मिमी असते. आणि नवा कंडेन्सर टाकला म्हणजे तो चांगलाच, असं धरू नका. चालू स्थितीतला जुना फेकू नका.

ठिणगी उत्तम असेल तर पेट्रोलकडे या. टाकीचं झाकण उघडा. हवा आत खेचल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळाने गाडी सुरू झाली, तर टाकीचा हवेचा मार्ग तुंबलाय. पंप पोकळीविरुद्ध ओढून थकतो. तसं नसेल तर एअर फिल्टर काढा, इंजिन बंद ठेवून थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप) हलवा आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोलची पिचकारी दिसते का बघा. (एसयू कंपनीच्या कार्ब्युरेटरला ही पिचकारी मारणारा ॲक्सिलरेटर पंप नसतो, तिथे फ्लोट चेंबर, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोल साठवायची वाटी, उघडूनच बघावं लागतं.) चेंबर कोरडा असेल तर पेट्रोलची नळी एक्झॉस्टजवळून जाते का ते पाहा. पेट्रोल तिथेच वाफ होऊन अडतं, आणि थोडं इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची वाफ आणखी सहज होते. पंप आणि नळीवर ओलं फडकं ठेवून गाडी लगेच सुरू झाली तर दोष तोच. मग नळी लांबून न्या, कार्ब्युरेटरखाली उष्णतारोधक स्पेसर घाला. जुने रबरी होज इथेनॉलने आतून फुगतात, तेही बदला.

दोन्ही ठीक असतील तर इंजिन गरम असतानाच कॉम्प्रेशन घ्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब गेजने मोजा. एक्झॉस्ट व्हॉल्वचा टॅपेट (व्हॉल्वला ढकलणारा भाग) घट्ट असला तर तापल्यावर व्हॉल्व पूर्ण बसत नाही आणि दाब निघून जातो. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगमध्ये, नाही वाढला तर व्हॉल्व किंवा हेड गॅस्केट.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि गाडी पुन्हा तापेपर्यंत चालवा. ठिणगी कशी होती, फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल होतं का, एवढं इथे लिहा, पुढचं त्यावरून सांगतो.