होडीच्या स्टिरिओला बॅटरी कुठली?

पहिली गोष्ट, इंजिन चालू करायच्या बॅटरीवर गाणी लावू नकोस. ती क्षणभर जोरदार करंट द्यायला बनवलेली असते. तासन्‌तास हळूहळू उपसलीस तर लवकर बसते. शिवाय मांडवीच्या मुखाशी ओहोटी लागलेली आणि स्टार्टर नुसता टिक् टिक् करतोय, ही वेळ कशाला? स्टिरिओला वेगळी डीप सायकल बॅटरी घे, म्हणजे हळूहळू खोलवर उपसायला बनवलेली.

केवढी, ते हिशेबाने ठरव. अॅम्प्लिफायर सरासरी १० अँपिअर खात असेल आणि ५ तास वाजणार असेल, तर ५० अँपिअर-तास झाले. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे १०० ची हवी. लिथियम आयर्न फॉस्फेट ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते, वजनही निम्म्याहून कमी. पण इंजिनवरून चार्ज करायला मध्ये डीसी-डीसी चार्जर (इंजिनकडून येणारा करंट बॅटरीला मानवेल असा करून देणारा) लागतो. खर्च वाढतो. माझं मत विचारशील तर सुरुवातीला एजीएम, म्हणजे सीलबंद, न सांडणारी लेड-अॅसिड बरी.

घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर स्वस्तात मिळते म्हणून कोणी गळ्यात मारेल. ती उंच, पाण्याची; होडी हेलकावली की अॅसिड सांडतं.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हला अगदी लागून हवा, स्टिरिओच्या मागे नव्हे. वायर कल्हई केलेल्या तांब्याची घे, साधी खाऱ्या हवेत आतून हिरवी पडते. आणि पावसाळ्यात होडी वर काढलीस की बॅटरी घरी ने, महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज कर.