जर्मनीत आमच्या भाड्याच्या घराच्या छपराखाली चिखलाची घरटी आहेत. या पाकोळ्या आहेत का? हिवाळ्यात रिकामी झाल्यावर काढली तर चालेल का?

काढू नका. नोव्हेंबरात नाही, फेब्रुवारीतही नाही. एवढंच लिहून थांबणार होते, पण "रिकामी झाल्यावर" हे शब्द वाचले आणि राहवेना. आमच्या घरात याच दोन शब्दांवरून २०१७ पासून भांडण चालू आहे.

आधी ओळख. आपल्याकडे दिव्यावर झडप घालणाऱ्या पतंगापासून छोट्या वटवाघळापर्यंत कशालाही पाकोळी म्हणतात, त्यामुळे त्या शब्दावर विसंबू नका. पक्ष्यांमधली पाकोळी चिखलाला तोंड लावत नाही. ती हवेत तरंगणारी पिसं, काड्या उडता उडता पकडते आणि थुंकीने चिकटवते. मे ते जुलै संध्याकाळी तुमच्या गल्लीतून विळ्यासारख्या पंखांचे काळपट पक्षी किंचाळत जात असतील, त्या इथल्या पाकोळ्या. जर्मनीत त्यांना माउअरझेग्लर म्हणतात. त्या छपराच्या फटीत राहतात, घरटं बाहेरून दिसतही नाही.

चिखलाचं बांधकाम असेल तर भिंगरी. इथे घरांना लगटून राहणाऱ्या भिंगऱ्या मुख्यतः दोन. गळा तांबूस, शेपटीला दोन लांब तारा आणि गोठ्यात आतल्या बाजूला उघडी वाटी, ती रौखश्वाल्बे, म्हणजे धुराची भिंगरी. बाहेरच्या भिंतीवर छपराच्या कोनात, वर जेमतेम एक भोक ठेवून बंद केलेलं घरटं असेल तर ती मेलश्वाल्बे, पिठाची भिंगरी. पोट पिठात बुडवून काढल्यासारखं पांढरं, आणि उडताना शेपटीच्या वर पांढरा पट्टा. घरट्याला लटकलेली असताना पाय बघा, नखांपर्यंत पांढरी पिसं, शाळेचे मोजे घातल्यासारखी. तुमची नव्याण्णव टक्के हीच.

आता आमचं. आम्ही स्टुटगार्टजवळ द्राक्षमळ्यांच्या उतारावरच्या गावात दुसऱ्या मजल्यावर राहतो. बाल्कनीच्या वर एक घरटं होतं. विष्ठा पडायची, अगदी वाळत घातलेल्या दुपट्यांवर. नोव्हेंबर २०१७ मध्ये सासूबाई येणार होत्या, म्हणून नवऱ्याने झाडूची दांडी काढली. "अगं, रिकामं आहे. गेलेत ते. आले की बांधतील दुसरं, त्यांना काय काम आहे?" मी स्टूल धरलं. हे लपवण्यात अर्थ नाही, स्टूल मीच धरलं होतं. दोन ठोक्यांत निम्मं खाली आलं. आत गवत आणि मऊ पिसं होती, आणि चिखलाच्या एकेका गोळीवर चोचीचा ठसा दिसत होता. मग हे कोणत्या डब्यात टाकायचं यावर आम्ही दहा मिनिटं बोललो. जैव कचरा की उरलेला? काढावं की नाही यावर दहा सेकंदही बोललो नव्हतो.

जर्मनीत राहणाऱ्यांना २०१८ आठवत असेल. एप्रिलपासूनच ऊन, पाऊस नाही. मेच्या सुरुवातीला जोडी आली. भिंतीवर घरट्याचा अर्धगोल डाग राहिला होता, त्याला येऊन चिकटायची, थोडा वेळ लटकायची, उडायची, परत यायची. चार-पाच दिवस. वीस ग्रॅमचा पक्षी सहारा ओलांडून येतो आणि त्याला पत्ता बरोबर सापडतो, घर तेवढं नसतं. दुसरं बांधायला चिखल लागतो. एका घरट्याला साधारण हजार गोळ्या, एका वेळी चोचीत मावेल तेवढीच, आणि थोडा भाग रचला की वाळेपर्यंत थांबायचं. हवा चांगली असली तरी दहा-बारा दिवस जातात. गावात तेव्हा डबकं म्हणून नव्हतं.

खाली राहणाऱ्या घरमालकीण आजींनी डाग बघितला. "कुठे टाकलंत?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, जैव कचऱ्यात. दुसऱ्या दिवशी त्यांनी मळ्यातली चिकणमाती बादलीभर आणली, केकचा जुना ट्रे दिला आणि मला मळायला बसवलं. कणकेपेक्षा सैल, भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट. रोज सकाळी पाणी शिंपडून ट्रे मोकळ्या जागी ठेवायचा, कारण झुडपाआड मांजर दबा धरू शकतं. तिसऱ्या दिवशी भिंगऱ्या उतरल्या. पंख उंच धरून, पांढरे मोजे चिखलात. जूनमध्ये घरटं झालं, पण त्या वर्षी विणीचा एकच हंगाम मिळाला. एरवी बरेचदा दोन होतात.

म्हणून सांगते, "रिकामं" हा शब्द चुकीचा आहे. तुम्ही दिवाळीला महिनाभर पुण्याला गेलात तर घर रिकामं होतं का? कायदाही तेच मानतो. निसर्गसंरक्षण कायद्याच्या कलम ४४ नुसार, ज्या घरट्यात पक्षी परत येतात ते हिवाळ्यातही संरक्षित असतं. रंगकाम, दुरुस्ती काहीही असो, आधी जिल्ह्याच्या निसर्गसंरक्षण कार्यालयाची परवानगी लागते. दंड हजारो युरोंत जाऊ शकतो. आम्हाला झाला नाही, ती आजींची कृपा.

स्थलांतराबद्दल. नवऱ्याचा दुसरा लाडका सिद्धांत असा की डिसेंबरात वाईला तारांवर रांगेने बसतात त्या याच. "आपल्याच आहेत, उन्हाळ्यात नोकरीला इकडे येतात." अजिबात नाही. इथल्या सहाराच्या दक्षिणेला आफ्रिकेत जातात. वाईच्या हिमालय आणि उत्तर आशियाकडून येतात, आणि त्या तांबड्या गळ्याच्या असतात. त्याने मागच्या दिवाळीत फोटो पाठवला, "बघ तुझे भाडेकरू." मी मोठा करून बघितला. गळा तांबडा, कंबर काळी. लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही. (पुण्यात छज्ज्याखाली चिखलाची वाटी बघितली असेल तर ती तपकिरी रंगाची कपारीतली भिंगरी. ती बारा महिने तिथेच असते.)

आणि जातात त्या थंडीला घाबरून नव्हे. उडते किडे संपतात म्हणून.

मी पक्षीतज्ज्ञ नाही, हिशेब तपासते. आणि कायद्याचं सगळं जर्मनीपुरतं. घरट्यात जाड चोचीची, चिवचिवाट करणारी मंडळी दिसली तर त्या चिमण्या. त्या बिनधास्त घुसतात, त्यांनाही हात लावायचा नाही.

विष्ठेचा त्रास खरा आहे, नाही म्हणत नाही. उपाय फळी. पण भाड्याचं घर आहे, भिंतीला भोक पाडण्याआधी मालकाला विचारा. फळी पंचवीस-तीस सेंटिमीटर रुंद घ्या आणि घरट्याच्या किमान अर्धा मीटर खाली लावा, कारण बाहेर पडताना पक्ष्याला खाली झेपावायला मोकळी जागा लागते. आमच्याकडे नवऱ्याने ती वीतभर अंतरावर लावली होती. काढून परत लावली, स्टूल पुन्हा मीच धरलं. जुनी दोन भोकं अजून आहेत, ती बुजवायची कोणी यावर सध्या चालू आहे.