डॉक्टर नाही, मग एमपीएचला मला कोण घेणार?

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या खोलीत आई आणि मुलगी आल्या. पलूस तालुक्यातलं कृष्णाकाठचं गाव. मुलगी शिवाजी विद्यापीठाची बीएस्सी मायक्रोबायोलॉजी, ५७ टक्के. पदवीनंतर दोन वर्षं मिरजेच्या एका लॅबमध्ये नोकरी. आई गावात आशा सेविका. बोलायला सुरुवात आईनंच केली.

"मॅडम, हिला पब्लिक हेल्थचं करायचंय म्हणती. मी म्हटलं, ते डॉक्टर झालेल्यांचं असतंय. आमच्या पीएचसीत सगळं डॉक्टरच बघत्यात. हिला कोण घेणार तिथं?"

मुलगी काही बोलली नाही. फाईलचं बटण उघडत आणि लावत बसली होती. (दोघींची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लिहायला त्यांची परवानगी आहे.)

मी मुलांना प्रवेशाच्या अर्जांत मदत करते, आणि आईचा हा प्रश्न दर हिवाळ्यात माझ्यासमोर येतो. नर्सिंगची मुलं विचारतात, बीएचएमएसची विचारतात, एमएसडब्ल्यू झालेली विचारतात. त्यामुळे आधी सरळ उत्तर देते. एमबीबीएस लागतं ते एमडी कम्युनिटी मेडिसिनला. एमपीएच, म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, ही वेगळी पदवी आहे आणि ती साधारण दोन वर्षांची असते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एमपीएचसाठी जो नमुना अभ्यासक्रम आखला, त्यात डॉक्टरांच्या बरोबरीने जीवशास्त्र, संख्याशास्त्र, समाजशास्त्र, पोषण, समाजकार्य अशा विषयांचे पदवीधरही धरले आहेत. प्रत्येक संस्थेची अट थोडी वेगळी असते, म्हणून माहितीपत्रकातला पात्रतेचा परिच्छेद मी मुलांना मोठ्यानं वाचायला लावते. तिनंही वाचला. बऱ्याच ठिकाणी पदवीला ५० टक्के पुरत होते. तिचे ५७ होते. दोन वर्षं मनात धरलेली भीती त्या वाचनातच निम्मी उतरली.

आईला मात्र मला वेगळं काही सांगायचं होतं. मी विचारलं, "ताई, बाळंतिणीच्या घरी तुम्ही किती भेटी देता?" त्यांनी बोटांवर मोजलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. एचबीएनसीच्या, म्हणजे घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायच्या, सहा भेटी त्यांना झोपेतही आठवतात. या भेटींच्या मागे गडचिरोलीतल्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं काम आहे. गावातल्याच बाईला शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली तर किती बाळं वाचतात, हे त्यांनी मोजलं. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त उतरले होते. दोघंही डॉक्टर तर होतेच, शिवाय अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जाऊन त्यांनी एमपीएच केलं होतं. तिथे मोजायला शिकले आणि ज्यांच्या हातून काम झालं त्या गावातल्या बायका होत्या, हे मी सांगितलं तेव्हा आई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आम्ही करतो ते त्यांनी लिहून ठेवलं."

तिथून पुढचं काम अर्जाचं. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी पीजी ही परीक्षा असते, साधारण मार्चमध्ये. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. दिल्लीच्या जेएनयूत एमपीएच आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सामाजिक साथरोगशास्त्राचं एमपीएच आहे आणि तिथे परीक्षेच्या गुणांशिवाय संस्थेची स्वतःची फेरीही असते. जवळचं म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. गांधीनगर आणि हैदराबादच्या भारतीय जनस्वास्थ्य संस्था आहेत. काही ठिकाणी एसओपी, म्हणजे 'मला हे का शिकायचंय' असं एक-दोन पानी निवेदन मागतात. जिथे मागत नाहीत, तिथे मुलाखतीत तेच विचारतात. आणि या एका पानावर हुशार मुलंही अडतात.

तिनं लिहून आणलेलं पहिलं वाक्य होतं, 'लहानपणापासून मला समाजसेवेची आवड आहे.' खाली 'आरोग्य हीच संपत्ती', मग करोना, मग 'आपल्या नामांकित संस्थेत'. मी असली पानं शेकड्यानं वाचली आहेत. त्यात खोटं काही नसतं, पण लिहिणारा माणूस कुठे दिसत नाही. आईचा उल्लेख सबंध पानात नव्हता. का, असं विचारलं तर म्हणाली, "आशा सेविकेची मुलगी लिहिलं तर कमी वाटेल ना?"

मी कागद बाजूला ठेवला आणि २०१९ च्या पुराचं विचारलं. त्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. ती तेव्हा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होती. पाणी ओसरल्यावर आईबरोबर घरोघर फिरली. पाणी शुद्ध करायच्या मेडिक्लोरच्या बाटल्या वाटल्या, लेप्टो (पुराच्या पाण्यातून होणारा ताप) होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या वाटल्या. आणि सकाळी नळाला पाणी आलं की ओटी टेस्ट करायची. हे सांगताना तिचा आवाज बदलला. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, हलवायचं. पिवळं झालं तर पाण्यात क्लोरीन आहे, म्हणजे टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडली आहे. रंग आलाच नाही तर पडलेली नाही, किंवा पडूनही पुरली नाही.

"पहिल्या नळाला पिवळं यायचं. टाकीच्या शेजारीच आहे तो. आमच्या वस्तीतला नळ शेवटचा. तिथं कधीकधी पाणी तसंच पांढरं राहायचं. पण ओटीच्या रजिस्टरला रोज पॉझिटिव्हच असायचं. जे दिवस मी स्वतः पाहिले होते, त्या दिवसांनाही."

आई लगेच म्हणाल्या, "अगं, ते कशाला सांगतीस?" मग माझ्याकडे वळून शांतपणे उलगडून सांगू लागल्या. ओटीच्या औषधाची बाटली संपली की दहा-दहा दिवस मिळत नाही. रकाना मोकळा ठेवला की वरून विचारणा होते, भरला की कुणी काही विचारत नाही. आणि नमुना घ्यायचा तो पहिल्याच नळाचा, कारण तो वाटेवर आहे.

जे मुलीला सबंध पानात सापडलं नव्हतं, ते आईनं चार वाक्यांत माझ्यासमोर ठेवलं होतं. शेवटच्या नळाला क्लोरीन का पोचत नाही, हा एक प्रश्न. आणि तो पोचत नाही हे कागदावर का उमटत नाही, हा त्याहून मोठा. पब्लिक हेल्थ शिकायचं म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर रजिस्टर भरणाऱ्याला चोर न ठरवता शोधायचं. मी तिला हेच लिही म्हटलं.

पण लिहिणं सोपं नव्हतं, आणि इथे आम्ही तीन आठवडे घालवले. आईची भीती खरी होती. आशा सेविकेला पगार नसतो, मानधन आणि कामाचा मोबदला मिळतो. गावातल्या कुणी उद्या म्हटलं की तुझ्या पोरीनं आमचं नाव घालवलं, तर त्यांनी कुणाच्या दारात जायचं? दुसऱ्या खर्ड्यात मुलीनं जलसुरक्षकाला, म्हणजे गावचं पाणी सांभाळणाऱ्या माणसाला, गुन्हेगार करून टाकलं होतं. मी ते परत केलं. तो माणूस पूर आला त्या आठवड्यात कमरेएवढ्या पाण्यातून टाकीवर गेला होता, हे तिनंच मला सांगितलं होतं, पण कागदावर नव्हतं. मी एवढंच ठरवून दिलं: गावाचं नाव नको, माणसाचं नाव नको, जे डोळ्यांनी पाहिलं ते आणि तेवढंच, आणि ज्याचं उत्तर माहीत नाही तिथे प्रश्नच राहू दे. चौथा खर्डा 'आमच्या वस्तीतला नळ शेवटचा आहे' या वाक्यानं सुरू झाला. आई आशा सेविका आहेत हे तिसऱ्या ओळीत आलं. तो आईनं वाचला, दोन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या, मगच पुढे गेला.

लॅबमधल्या दोन वर्षांची ती 'गॅप' म्हणून माफी मागत होती. तीही मी काढायला लावली. पावसाळ्यात टायफॉइडच्या तपासण्या कुठल्या गावांतून जास्त येतात, हे तिनं तिथे पाहिलं होतं. ही गॅप नाही, हा अनुभव आहे.

शिफारसपत्रावर घरी वाद झाला. वडिलांचं म्हणणं, ओळखीनं आमदारांचं पत्र आणू. आपल्याकडे ही सवय आहे आणि मुलाबद्दलच्या मायेपोटीच ती येते. पण ज्यानं मुलीचं काम पाहिलेलं नाही त्याच्या पत्रानं निवड समितीला काहीच कळत नाही. तिला प्रॅक्टिकलला शिकवलेल्या बाईंना भेटायची लाज वाटत होती, टक्के कमी म्हणून. शेवटी गेली. बाईंना ती आठवत होती. निर्जंतुकीकरण नीट झालं नाही म्हणून वर्गातल्या जंतू वाढवायच्या सगळ्या प्लेटा पुन्हा करायला लावणारी मुलगी, असं त्यांनी पत्रात लिहिलं. दुसरं पत्र लॅबच्या प्रमुखांनी दिलं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण इथे दरवर्षी कुणाचा तरी अर्ज अडतो. ओबीसीतून अर्ज करणाऱ्यांना केंद्रीय संस्थांसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. राज्याचा नॉन-क्रिमीलेअर दाखला तिथे चालत नाही, आणि वर्ष जुनं असेल तरी अडतं. सेतूत जाऊन तसं स्पष्ट मागा आणि परीक्षेचा अर्ज सुटायच्या आधीच मागा. आणि नाव. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी, असं पुष्कळांचं असतं. अर्ज भरण्याआधी दोन्ही समोर ठेवून एकदा पाहा.

वडिलांनी विचारलेला प्रश्न वेगळा होता: नोकरीचं काय? त्यांना गोड सांगणं मला पटत नाही. एमपीएचनं नावापुढे 'डॉ.' लागत नाही आणि दवाखाना टाकता येत नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली पुष्कळ पदं कंत्राटी असतात, अकरा महिन्यांची ऑर्डर निघते. काही पदांना एमपीएचबरोबर वैद्यकीय पदवीच मागतात. तिला ती मिळणार नाहीत. संशोधन प्रकल्प, स्वयंसेवी संस्था, कार्यक्रम राबवणं, साथींच्या आकडेवारीचं काम, ही तिची वाट. मी त्यांच्यासमोर सात-आठ जाहिराती काढल्या आणि कुठे ती बसते, कुठे नाही, यावर खुणा केल्या. ते जाहिराती घडी घालून घेऊन गेले. पुढच्या वेळी आले तेव्हा शैक्षणिक कर्जाचं विचारलं.

मुलाखतीचा सराव आम्ही माझ्या खोलीतच केला. मी विचारलं, "एका गावात जुलाबाचे ३० रुग्ण, दुसऱ्यात १०. साथ कुठे मोठी?" पटकन म्हणाली, "पहिल्या." मी थांबले. मिनिटभरानं म्हणाली, "मॅडम, लोकसंख्या किती?" त्यानंतर तिला फार शिकवावं लागलं नाही.

पहिल्या पसंतीच्या संस्थेत तिची निवड झाली नाही. मुलाखतीत इंग्रजीत अडली, हे तिनंच सांगितलं. दोन दिवस फोन उचलला नाही. दुसऱ्या ठिकाणी प्रतीक्षायादीत होती आणि जुलैत नाव वर सरकलं. आता पहिलं वर्ष संपत आलंय.

गेल्या महिन्यात आईंचा फोन आला. सुट्टीला येताना मुलगी वर्गातल्या मैत्रिणीला घेऊन आली होती. ती एमबीबीएस झालेली, पुण्याची. "मॅडम, त्या डॉक्टर बाई माझ्याबरोबर एचबीएनसीला आल्या. चौदाव्या दिवसाची भेट होती. झोळीच्या काट्यावर बाळाचं वजन कसं घ्यायचं ते त्यांना माझ्याकडनं शिकायचं होतं. मी दाखवलं. आणि जाताना शेवटच्या नळाचं पाणी बघून गेल्या दोघी."