सगळंच अनित्य, मग चुलवाण पेटवू कशाला?

करवीर तालुक्यातले एक गुऱ्हाळवाले बायकोच्या हट्टापायी माझ्याकडे समुपदेशनासाठी आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) २०१९ च्या ऑगस्टात ऊस पुरात बसला, २०२१ च्या जुलैत पुन्हा. तेव्हापासून गूळ शिजवायच्या काहिलीखालचं (मोठ्या कढईखालचं) चुलवाण गारच. रात्रभर मोबाइलवर बुद्धावरची प्रवचनं.

"मॅडम, बुद्धांनीच सांगितलंय. सगळं अनित्य, सगळं दुःख, आन् 'मी' तर न्हाईच. मग राबायचं कुणासाठी?"

हा प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो. अशा वेळी तत्त्वज्ञानाला मी लगेच हात घालत नाही. आधी झोप, जेवण, जिवाचं बरंवाईट करायचे विचार. झोप जेमतेम तीन तास, जेवण नावाला. मरणाचा विचार नव्हता. तरी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. गोळ्या सुरू झाल्या, मग बोलणं.

दुःख हे चार आर्यसत्यांतलं पहिलं. पुढं त्याचं कारण, त्याचा निरोध म्हणजे थांबणं, आणि त्यासाठीचा मार्ग. हे पहिल्यावरच थांबले होते. 'अनात्म'चंही, म्हणजे 'मी नाही' या शिकवणीचंही, तसंच. सारनाथला बुद्धांनी पाच भिक्खूंना सांगितलं, की शरीर जर 'मी' असतं, तर 'असं हो, तसं होऊ नको' म्हटलेलं त्यानं ऐकलं असतं. वेदना (सुखदुःखाचा अनुभव), संज्ञा (ओळखणं), संस्कार (मनाच्या घडणी), विज्ञान (जाणीव) यांचंही तेच. हुकमात नाही ते 'मी' कसं म्हणायचं, एवढाच मुद्दा. 'तुम्ही कुणीच नाही, घरी बसा' असं त्यात कुठंय?

त्यांनी मान डोलावली, पण पटलं नव्हतं. माझंही जरा व्याख्यानच झालं होतं.

तिसऱ्या भेटीत मी सहज विचारलं, गूळ झाला हे कळतं कसं? गडी वीस मिनिटं थांबला नाही. भेंडीचं पाणी, वर येणारी मळी, बुडबुड्यांचा बदलता आवाज. दोन बोटं चिमटीसारखी धरून दाखवली, "पाक पाण्यात टाकायचा, गोळी वळली की काहील उतरवायची. जरा उशीर, की करपला."

"आणि रस नित्य असता तर?"

ते बघत राहिले. "मग रसच राहिला असता की." थोडं हसले. मी पुढं काही बोलले नाही, मोह आवरला.

झोप आता पाच-सहा तासांवर आलीय, गोळ्या चालू आहेत. यंदाही ऊस कारखान्यालाच घातला. पण काहील घासून पालथी घालून ठेवलीय, असं बायकोनं फोनवर सांगितलं.