गल्ला वाजवून पाहणारा मुलगा

जूनमध्ये शाळा आणि क्लास सुरू झाले की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांचं एक वाक्य ठरलेलं असतं. "मॅडम, अभ्यासाचं एक वेळ सोडा, पण ह्याला पैशाची किंमतच नाही." कधी 'ह्याला'च्या जागी 'हिला' असतं, एवढाच फरक. गेल्या वर्षी मी हे वाक्य मोजायला घेतलं होतं. अकरावर गेल्यावर मोजणं सोडलं.

त्या अकरांपैकी एका घराची ही गोष्ट. मुलाचं नाव ओंकार ठेवते, खरं वेगळं आहे. काही खुणाही बदलल्या आहेत. लिहायला त्याची आणि त्याच्या आईची परवानगी आहे. त्याने मात्र "लांबी कमी ठेवा" अशी अट घातली होती, ती काही मला पाळता आलेली नाही.

घर नाशिकचं. वडील अंबडच्या एमआयडीसीत, आई पोळी-भाजीचे डबे देते. ओंकार नुकताच दहावीत गेलेला. तक्रार अशी की घरात ठेवलेल्या जादा फोनवरून तो किराणा, भाजी आणायचा आणि त्याच फोनवरून बारीक बारीक उडवायचा. कधी मोमोज, कधी मित्राच्या वाढदिवसाची कॉन्ट्री, कधी गेममधल्या बंदुकीचा नवा रंग. महिन्याभरात दोन हजार सातशे गेले तेव्हा वडिलांच्या लक्षात आलं.

"हाताला भोक आहे ह्याच्या," आई म्हणाली. "मामाने पाचशे दिले तर संध्याकाळपर्यंत टिकत नाहीत. साठवणं म्हणून माहीतच नाही."

ओंकार माझ्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होता.

पहिल्या तीन भेटी मी वाया घालवल्या, हे सांगून टाकते. बावीस वर्षं हे काम करतेय, तरी सोपा रस्ता दिसला की पाय तिकडेच वळतात. मी त्याला वही दिली. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. गरजेला निम्मे, हौसेला थोडे, शिलकीला थोडे असं ते सगळीकडे सांगतात तसं गणितही आखून दिलं. तो शहाण्यासारखा मान हलवत गेला आणि दर आठवड्याला वही भरून आणत राहिला. आई खूश.

तिसऱ्या आठवड्यात वही चाळताना मला काहीतरी खटकलं. वडापाव वीस, रिक्षा तीस, वही पन्नास, शिल्लक शंभर. सगळे आकडे गोल. खरा खर्च कधी इतका गोल नसतो. त्यात कुठेतरी सत्तेचाळीस असतात, सुट्टे नव्हते म्हणून घेतलेलं चॉकलेट असतं, कुठे गेले ते न आठवणारे तेरा रुपये असतात. हा जमाखर्च माझ्यासाठी लिहिलेला होता.

मी वही बंद केली. "ही राहू दे. मला सांग, तू शेवटचे पैसे साठवलेस कधी?"

"चौथीत."

"किती होते?"

"सतराशे पंचेचाळीस."

एका दमात आलं. मधे पाच वर्षं गेली होती आणि आकडा गोल नव्हता. ज्या मुलाला कालच्या पन्नास रुपयांचा हिशेब देता येत नव्हता, त्याला चौथीतले पाच रुपयेसुद्धा पाठ होते.

"कशासाठी साठवत होतास?"

"बॅट. काश्मीर विलोची. अठराशेला होती."

"मग घेतलीस?"

"नाही." थोडा वेळ गेला. "माझा गल्ला होता ना, लाल, गॅसच्या सिलिंडरसारखा. प्लॅस्टिकचा. मी रोज झोपताना वाजवायचो. एकदा वाजवला तर आवाज वेगळा आला."

"वेगळा म्हणजे?"

"नोटा असल्या की नाणी दबून वाजतात. नोटा नसल्या की सुटी वाजतात. खळखळ."

हे मला माहीत नव्हतं. तुम्हालाही नसेल. घरी जाऊन मी नातवाच्या गल्ल्यावर करून पाहिलं, अगदी खरं आहे.

"कुणाला विचारलंस का?"

"नाही. पप्पा घरीच असायचे तेव्हा. कंपनी बंद होती."

म्हणजे २०२०चा उन्हाळा. दहा वर्षांच्या मुलाने गल्ला हलवला, पैसे कुठे गेले ते ओळखलं, का गेले तेही ओळखलं आणि गल्ला जागेवर ठेवून झोपला.

"मग नंतर परत का नाही टाकलेस?"

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "टाकून काय करू मॅडम? खर्च केले की निदान कळतं तरी, कुठे गेले ते."

मी त्या दिवशी पुढे काही बोलले नाही. पेन खाली ठेवलं. तीन आठवडे मी ज्याला 'शिस्त नसलेला मुलगा' समजत होते, तो पक्का व्यवहारी निघाला होता. त्याच्या अनुभवात साठवलेले पैसे जायचे आणि खाल्लेले मोमोज कोणी काढून घेऊ शकत नव्हतं. तुम्ही-मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं. आपल्याकडे ज्या बँकेत पैसे अडकले त्या बँकेकडे लोक पुन्हा ढुंकून बघत नाहीत, आणि त्याला आपण शहाणपण म्हणतो.

माझी बैठक ॲडलर या मानसोपचारतज्ज्ञाच्या विचारांची आहे हे माझ्याकडे येणाऱ्यांना एव्हाना ठाऊक असतं. मुलाचं वागणं कितीही वाकडं दिसलं तरी त्याच्या बाजूने ते कुठेतरी सरळ असतं, ती बाजू शोधायची. आल्फ्रेड ॲडलर आणि त्याचा शिष्य रुडॉल्फ ड्रायकर्स यांच्याकडून मी एवढं एक जरी नीट शिकले असले तरी पुष्कळ.

आणखी एक आठवलं. मुलासमोर एक मार्शमेलो ठेवायचा आणि 'थांबलास तर दुसरा मिळेल' म्हणायचं, हा वॉल्टर मिशेल यांचा स्टॅनफर्डमधला प्रयोग पालकांच्या सभेत हमखास सांगितला जातो. त्यावरून आपण 'थांबणारी मुलं चांगली' असा निष्कर्ष काढून मोकळे होतो. २०१२च्या सुमारास रोचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी त्यात एक पायरी आधी घातली. मोठ्या माणसाने मुलांना 'थांबा, चांगले रंग आणतो' असं सांगितलं. निम्म्या मुलांना ते आणून दिले. निम्म्यांकडे रिकाम्या हाताने परत येऊन 'नाहीत, सॉरी' म्हटलं. मग मार्शमेलो. शब्द पाळलेल्या गटातली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, फसलेल्या गटातली तीन. मुलं अठ्ठावीसच होती, त्यामुळे फार मोठा डंका पिटायला नको. पण ओंकारची खळखळ ऐकल्यावर मला तीच तीन मिनिटं दिसली.

पुढच्या भेटीत आई एकटी आली. मी गल्ल्याचं विचारल्यावर आधी चिडली. "चोरी केली का मी? त्याच्याच दुधाला गेले, किराण्याला गेले."

"गेलेच असणार. हिशेब चुकलेला नाही, निरोप द्यायचा राहिला."

"त्याला कुठे कळलं होतं? मी तर—" आणि ती थांबली. पदर तोंडाशी नेला. मग हळू म्हणाली, "वजन लागावं म्हणून मी वरून नाणी टाकली होती. हलवला की वाजावा म्हणून."

त्या माउलीने फसवायला टाकली नव्हती नाणी. पोराला वाईट वाटू नये म्हणून टाकली होती. पण नेमक्या त्याच नाण्यांनी त्याला सगळं सांगितलं.

मी तिला एकच काम दिलं. पैसे परत करायचे, सांगून. "तेव्हा घेतले होते, विचारलं नाही, चुकलं" एवढंच बोलायचं. पुढे 'तुमच्यासाठीच तर केलं' नको, रडणं नको आणि बचतीवर भाषणही नको. वडिलांचं म्हणणं पडलं की दोन हजार सातशेतून हे सतराशे पंचेचाळीस वजा करू, प्रश्न मिटला. मी ठाम नाही म्हटलं. त्याचं देणं त्याचं आणि तुमचं देणं तुमचं. दोन्ही एकमेकांत जिरवली की पुन्हा तेच झालं, त्याचा पैसा त्याच्या हाताला न लागताच गेला.

पैसे परत मिळाल्यावर मुलगा गहिवरला, बँकेत गेला असं काही झालं नाही. पहिल्या चार दिवसांत त्यातले चारशे त्याने उडवले. आईचा फोन आला, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" मी म्हटलं, मोजू नका. त्याला बघायचं असेल की हे पैसे खरंच आपले आहेत का, त्यावर कोणी बोलतंय का. कोणी बोललं नाही. पाचव्या दिवसापासून खर्च थांबला. तीन आठवड्यांनी त्याने पप्पांपुढे हजार रुपये ठेवले आणि उरलेले सतराशे महिन्याला शंभर-शंभर देईन म्हणाला. तेव्हा मात्र मला, खोटं कशाला बोलू, आपल्या कामाचं बरं वाटलं.

आता तुमच्या घराबद्दल. दिवाळीत मामा, आत्या हातावर पाचशेची नोट ठेवतात आणि पाहुणे जिना उतरायच्या आत आपण म्हणतो, "दे इकडे, मी ठेवते." किती घरांत ते पैसे पुन्हा त्या मुलाच्या हातात येतात? ठेवायचे असतील तर त्याच्यासमोर लिहून ठेवा, आणि तो मागेल तेव्हा 'कशाला?' न विचारता निदान काही भाग द्या. अडीअडचणीला मुलाच्या पैशाला हात लावावा लागतो, त्यात पाप नाही. पण ते उसने घ्या. मागून घ्या, परत कधी देणार ती तारीख सांगा.

पॉकेटमनीची रक्कम किती हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि तो सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे. दिवस ठरलेला हवा. ओंकारच्या घरी रविवारी सकाळी दीडशे असं ठरलं. पहिल्यांदा महिन्याचे एकदम देऊ नका. पंधरा वर्षांच्या मुलाला महिना फार लांबचा असतो, आठवडा पेलतो. त्या दीडशेत काय येतं तेही बोलून घ्यायचं. खाणं-पिणं, कॉन्ट्री, गेम त्याचं. बस, वह्या, चप्पल घरातून. बुधवारी संपले तर रविवारपर्यंत वाट बघायची. तीन-चार दिवस कडकीत काढणं हा या वयातला सगळ्यात स्वस्त क्लास आहे. आईने गुपचूप पन्नास सरकवले की तो क्लास बुडाला. मार्कांशी ही रक्कम बांधू नका, आणि रागावलात म्हणून कापूही नका. आपला पगार साहेबाच्या मूडवर ठरला असता तर आपण काय केलं असतं?

सुरुवात नोटांनी करा. फोनवर बोट टेकवलं की पैसा जातो, पण हातातून काही सुटत नाही. थोडा सराव झाला की मग खातं. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःच्या सहीने बचत खातं उघडता आणि चालवता येतं, रिझर्व्ह बँकेने २०१४ पासून ही मुभा दिलेली आहे, आणि अशा खात्यात शिलकीपेक्षा जास्त काढता येत नाही. पोस्टातही पाचशे रुपयांत होतं. पोस्टाची आवर्ती ठेव महिना शंभरापासून आहे, पण ती पाच वर्षांची. दहावीतल्या मुलाला पाच वर्षं म्हणजे पुढचा जन्म. त्याला आधी दोन-तीन महिन्यांत हाताशी येईल असं काहीतरी साठवू द्या. फोनवरून पैसे द्यायची वेळ आलीच तर आपला पिन सांगत बसू नका. यूपीआय सर्कलमध्ये घरातल्या माणसाला मर्यादा घालून किंवा प्रत्येक वेळी आपल्या मंजुरीने खर्च करू देता येतो. ओंकारच्या घरी पिन सगळ्यांना पाठ होता. त्याला चोर म्हणण्याआधी मी वडिलांना एवढंच विचारलं होतं, की दुकानाचं शटर कोण उघडं ठेवतं?

आणि विजेचं बिल, गॅसचा हप्ता, शाळेची फी हे एकदा तरी मुलासमोर मांडा, रडगाणं न गाता. २०२०मध्ये ओंकारला कोणी सांगितलं असतं की घरात इतके आहेत आणि इतके लागणार आहेत, तर माझी पैज आहे, गल्ला त्यानेच आणून दिला असता.

डिसेंबरमध्ये तो सराव परीक्षेच्या टेन्शनसाठी आला होता. वीस मिनिटांत ते बोलून झालं. उठताना म्हणाला, "मॅडम, मम्मीने माझ्याकडून पाचशे उसने घेतले. गॅस आला होता, सुट्टे नव्हते."

"मग?"

"कॅलेंडरवर लिहून घेतलं. गुरुवारी परत. तिने शुक्रवारी दिले."

"मग तू काय म्हणालास?"

"पाच रुपये दंड लावला," तो सँडलचा पट्टा लावत म्हणाला. "दिला तिने."