जुन्या मारुती ८०० मधून ऑइल गळते आहे, जाड ऑइल घालावे का?

आपण विचारले आहे की, २००४ सालची मारुती ८०० एक लाख किलोमीटरच्या पुढे गेली आहे, खानापुरातल्या घरासमोर रोज सकाळी ऑइलचे दोन-तीन थेंब दिसतात आणि मिस्त्री २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल घालायला सांगतात, तर त्यांचे ऐकावे का? माझे मत असे आहे की, गळती नेमकी कुठून होते ते आधी शोधावे आणि ऑइलचा विचार त्यानंतर करावा. जाड ऑइलने थेंब उशिरा पडतात, पण ऑइल अडवणाऱ्या सीलचे कडक झालेले रबर त्याने मऊ होत नाही.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या मशिन शॉपमध्ये माझी बरीच वर्षे गेली आणि अशीच एक ८०० आजही माझ्याकडे आहे. तिचे ऑइल इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून ठिबकत असे. एका गॅरेजमध्ये क्रँकचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) मागचे सील गेले असे सांगून गिअरबॉक्स उतरवला, सील बदलले, मजुरीही भरपूर झाली आणि तीन आठवड्यांत फरशीवर पुन्हा तोच डाग पडला. तेव्हा मी थंड इंजिन ब्रशने डिझेल लावून धुतले, कोरडे पुसले, दुसऱ्या दिवशी गाडी वीसेक किलोमीटर फिरवून आणली आणि टॉर्च घेऊन वरून खाली पाहत गेलो. स्पार्क प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या बुडापासून एक बारीक ओली रेघ निघून थेट गिअरबॉक्सच्या जोडावर उतरत होती. तिथली रबरी रिंग काढली, तर ती काचेच्या बांगडीसारखी कडक झालेली होती आणि बोटांनी दाबताच तुटली. नाश्त्याच्या पैशांत नवी रिंग आली आणि गळती थांबली. ऑइल नेहमी खाली ओघळते आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे पसरते, म्हणून थेंब पडतो त्या जागेवर विश्वास ठेवू नये.

आपल्याकडची तांबडी धूळ या शोधात उपयोगी पडते. जुन्या झिरपण्यावर ती बसून खपली धरते, ताजी गळती मात्र ओली आणि चकचकीत काळी दिसते. इंजिनावरच्या टॅपेट कव्हरचे पॅकिंग, डिस्ट्रिब्युटरची रिंग, ऑइल प्रेशरचा स्विच, ड्रेन बोल्टचा वॉशर आणि फिल्टर या क्रमाने पाहावे. टायमिंग बेल्टच्या बाजूचे सील ओले असेल तर मात्र दिरंगाई नको, कारण ऑइलने बेल्टचे रबर खराब होते.

कोणतेही सील बदलण्याआधी इंजिनातला वायू बाहेर जाऊ देणारे ब्रीदरचा पाइप आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह साफ आहेत का, हे अवश्य पाहावे. बहुतेक जण नेमके हेच विसरतात. पिस्टनच्या बाजूने खाली उतरणारा वायू बाहेर जायला वाट मिळाली नाही, तर आत दाब साठतो आणि नवे सीलसुद्धा ऑइल बाहेर टाकू लागते. दुसरे म्हणजे, चेंबरचे, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचे, बोल्ट ताकदीने आवळू देऊ नयेत. चेंबर पत्र्याचा असतो. बोल्टाभोवती पत्रा वाकतो, दोन बोल्टांच्या मध्ये फट राहते आणि गळती वाढते. सिलिकॉनचा लेपही बेताने लावावा, कारण आत सुटलेले त्याचे तुकडे ऑइलच्या जाळीत अडकतात.

आता ऑइलविषयी. पहिला आकडा आणि ‘डब्ल्यू’ थंडीतला प्रवाहीपणा सांगतात, दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला उरणारा दाटपणा सांगतो: ४० ग्रेडला तो १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (दाटपणाचे एकक), तर ५० ग्रेडला १६.३ ते २१.९. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडमधूनच निवड करावी. बेळगाव-खानापूरची थंडी २०डब्ल्यू-४० ला मुळीच जड नाही, आणि ५० ग्रेड घातल्यास झिजलेल्या इंजिनाचा आवाज थोडा कमी होण्यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. एपीआय या अमेरिकी संस्थेची ऑइलचा दर्जा सांगणारी एसएल, एसएम, एसएन ही नंतरची अक्षरे जुन्या पेट्रोल इंजिनालाही चालतात. सिंथेटिकने गळती सुरू होते असे म्हणतात. खरे तर त्याच्या साफ करण्याच्या गुणाने सीलपाशी साचलेला गाळ निघतो आणि आधीच झालेली झीज उघडी पडते. जास्त चाललेल्या गाड्यांसाठीच्या ऑइलमध्ये रबर थोडे फुगवणारे घटक असतात. किंचित आखडलेल्या सीलला त्यांचा फायदा होतो, फाटलेल्याला होत नाही.

ऑइल गळते की जळते, हेही पाहावे. सकाळी स्टार्ट करताच किंवा चोर्ला घाट उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबल्यावर निळा धूर आला, तर व्हॉल्व्हचे सील गेलेले असू शकतात. ते काम वेगळे.

तोवर दर आठवड्याला सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी, ऑइलची काडी पाहावी. या इंजिनात जेमतेम तीन लिटर ऑइल मावते, म्हणून एक लिटर कमी होणे म्हणजे एक तृतीयांश जाणे. लाल दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. तो चालत्या गाडीत लागला तर तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. शेवटी मागचे सीलच दोषी निघाले आणि गळती थेंबांपुरतीच असली, तर क्लच प्लेट बदलायची वेळ येईपर्यंत थांबावे, कारण तेव्हा गिअरबॉक्स उतरवावाच लागतो; मात्र ऑइल क्लचवर जाऊन चढावर तो घसरू लागला तर थांबू नये.